नोकरी चालू ठेवून पीजी करायचंय: इग्नू, नाशिकचं मुक्त विद्यापीठ की ऑनलाइन? (सोलापूरवाल्यांसाठी)

नोकरी न सोडता एमए, एमकॉम किंवा एमबीए करायचं म्हटलं की सगळे आधी फी विचारतात. माझ्या मते आधी हे ठरवा, की तीन तास बसून पेपर कुठल्या भाषेत लिहिता येईल. आपल्याकडं घरात तेलुगू नाहीतर कन्नड, शाळा मराठी आणि ऑफिसात हिंदी-इंग्रजी मिक्स अशी लई पोरं आहेत, बोलायला सगळं जमतं पण मोठं उत्तर लिहायला घेतलं की हात एकाच भाषेत चालतो.

तो मराठीत चालत असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ बघा. 1989 पासूनचं आहे, एमए मराठी, एमकॉम वगैरे आहे, पुस्तकं मराठीत येतात आणि अभ्यासकेंद्रं गावातल्या कॉलेजातच असतात, त्यामुळं काही अडलं तर समोर जाऊन विचारता येतं. पण केंद्र कसं आहे यावर बरंच ठरतं, म्हणून ॲडमिशनच्या आधी तिथं जाऊन रविवारी तास खरंच होतात का हे जुन्या विद्यार्थ्यांनाच विचारा.

इग्नूत, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, बहुतेक पीजी हिंदी नाहीतर इंग्रजीतून. जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा ॲडमिशन, परीक्षा जून आणि डिसेंबरला, दोन वर्षांची डिग्री चार वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. एका सत्रात ऑफिसात क्लोजिंग आलं, घरात लग्न निघालं, तर दोनच पेपर द्या, बाकीचे पुढच्या वेळी. परीक्षेची फी पेपरमागं वेगळी भरायची असते, त्यामुळं जेवढे द्यायचेत तेवढ्याचेच पैसे. बदलीची नोकरी असेल तर माझं मत सरळ इग्नूला, कारण परीक्षेचा फॉर्म भरताना सेंटर दुसऱ्या गावचं निवडता येतं. पुस्तकं ईज्ञानकोश या इग्नूच्या साइटवर फुकट आहेत, ॲडमिशनच्या आधीच एक युनिट वाचून बघा, झेपतंय का ते तिथंच कळेल.

इग्नूत लोक अडकतात ते असाइनमेंटमध्ये. साधारण 30 टक्के वजन असाइनमेंटला, 70 परीक्षेला, आणि पास दोन्हीकडं वेगवेगळं व्हावं लागतं, म्हणजे पेपर कितीही भारी गेला तरी असाइनमेंट राहिली की डिग्री अडकली. हातानं लिहायच्या असतात, जूनच्या परीक्षेसाठी मार्चअखेर आणि डिसेंबरसाठी सप्टेंबरअखेर धरून चला, मुदत वाढते बऱ्याचदा पण त्या भरवशावर राहू नका. आणि दुसऱ्या वर्षाचं री-रजिस्ट्रेशन पहिल्याचा निकाल लागायच्या आधीच करावं लागतं, निकालाची वाट बघत बसलात तर सत्र जातं.

वेळेचं म्हणाल तर एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास धरतात. वर्षाला 32 क्रेडिट घेतले तर 960 तास, म्हणजे आठवड्याला साधारण 18. चिंचोळी एमआयडीसीत शिफ्ट करून एवढे तास रोज रात्री निघत नाहीत, रविवार द्यावाच लागतो. शिवाय जूनच्या पेपरचा अभ्यास आपल्या मे महिन्यात येतो, रात्री अकरालाही घर तापलेलं असतं, म्हणून पहाटेची सवय आधीच लावा. डिसेंबरचे पेपर जानेवारीत जातात, तेव्हा गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्ट्यांचं प्लॅनिंग टाइमटेबल बघूनच करा.

पूर्ण ऑनलाइन डिग्रीत सेंटरला जायची गरज नाही, रेकॉर्डेड लेक्चर असतात, परीक्षाही बऱ्याच ठिकाणी कॅमेऱ्यासमोर घरूनच. खासगी विद्यापीठांत फी मात्र बरीच जास्त, ईएमआयवर घेतात लोक. एमबीए हवंय आणि कंपनी पैसे देतीय तर ठीक, नाहीतर एमए-एमकॉमला एवढा खर्च मला पटत नाही.

केगावला सोलापूर विद्यापीठात रेग्युलर करायचं तर 75 टक्के हजेरी लागते, फुलटाइम नोकरीत ती बसत नाही. फक्त लॅबचा विषय असेल तर तेवढ्यासाठी नोकरीचाच विचार बदलावा लागू शकतो.

मान्यतेची भीती बऱ्याच जणांना असते. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता असलेली दूरस्थ आणि ऑनलाइन डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची धरतात, हे यूजीसीनं 2022 मध्ये स्पष्ट केलंय. पण मान्यता त्या कोर्सला आणि त्या वर्षाला आहे का हे यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर स्वतः बघा. "ॲडमिशन आमच्याकडं घ्या, परीक्षेचं आम्ही बघतो" म्हणणाऱ्या क्लासवाल्याच्या दारातही उभं राहू नका, फ्रँचायझी चालवायला परवानगीच नाही. पुढं प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा द्यायची असेल तर ओपनला पीजीत 55 टक्के लागतात, नुसतं पास होऊन भागत नाही.

दूरस्थ आणि ऑनलाइन ॲडमिशनला आता डेब-आयडी (त्याच डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोचा नंबर) सक्तीचा आहे आणि त्यासाठी आधी एबीसी आयडी (ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा) लागतो, आधार आणि मार्कशीटवरचं नाव जुळत नसेल तर ते आत्ताच दुरुस्तीला टाका.