पाईपचा टॅपेस्ट्री माग आणि इंचाला किती धागे: बरेच महिने वापरल्यावर

टॅपेस्ट्री, म्हणजे धाग्यांनी विणलेली भिंतीवरची चित्रं, करायला सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून जीआय पाईपचा उभा माग करून घेतलाय, अडीच बाय तीन फुटांचा, वर-खाली खिळ्यांच्या ऐवजी आट्यांचा रॉड, बोल्टसारखे आटे पाडलेला. पावसाळ्याच्या आधीपासून वापरतेय. माग म्हणून दणकट आहे, विणलेले धागे ठोकायचा दातेरी पंजा कितीही आपटा जागचा हलत नाही, जड मात्र इतका की एकटीनं उचलायच्या भानगडीत पडू नये. पण मला सगळे विचारतात ते ताणा, म्हणजे उभे धागे, किती अंतरावर घेता तेच, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिते.

आट्यांचा रॉड घ्यायचं कारण सोपंय, अंतर आपोआप मिळतं. रेडीमेड लाकडी फ्रेमला सेंटीमीटरवर एक खिळा असतो, म्हणजे इंचाला अडीचच खिळे, त्यावर जाड लोकरीचं झालरवालं वॉल हँगिंग होतं, चित्र नाही होत. एम-२० रॉडला (२० मिलिमीटर जाडीचा) दर अडीच मिलिमीटरला आटा, म्हणजे इंचाला साधारण १० आटे. धागा इंग्रजी आठासारखा फिरवत न्यायचा, वरच्या रॉडवरून पुढून, खालच्या रॉडला मागून, म्हणजे एका आट्यात दोन धागे पडतात आणि मधे फुली पडते तिच्यात काठी घातली की पुढचे-मागचे धागे वेगळे राहतात. एक आटा सोडून घेतलं तर इंचाला १०, दोन सोडून घेतलं तर पावणेसातच्या आसपास. आणि मला सगळ्यात जास्त लागतात ८! ते या रॉडवर बसतच नाहीत. फॅब्रिकेशनवाल्याकडे एम-२० तयार होता म्हणून त्यानं तोच लावला, नंतर एम-२४ ची जोडी वेगळी आणवली, त्याला ३ मिलिमीटरला आटा, एक सोडून घेतलं की साडेआठ, दोन सोडून साडेपाच. मस्त.

नवीन रॉड आला की आधी रॉकेलनं पुसा, काळं तेल असतं ते पांढऱ्या सुताला लागलं की जात नाही. आट्यांची धार पण पॉलिश पेपरनं मारून घ्या, नाहीतर ताण दिल्यावर सूत तिथंच तुटतं.

आता ८ च का. विट्याला माझ्या मावसभावाचे यंत्रमाग आहेत, त्याला म्हटलं इंचाला ८ धागे घेते, तर म्हणे ताई कापड विणतेयस का मच्छरदाणी. त्याचं बरोबर आहे, त्याच्या कापडात ताणा आणि बाणा (आडवा धागा) दोन्ही दिसतात, धाग्याला धागा चिकटून पाहिजे. टॅपेस्ट्रीत ताणा पूर्ण झाकला जायला पाहिजे, दिसतो तो फक्त बाणा, म्हणून दोन उभ्या धाग्यांमधे बाण्याला बसायला जागा लागते. ढोबळ हिशोब असा की जागा धाग्याच्या जाडीएवढीच ठेवायची. ताण्याचं सूत फूटपट्टीवर एकाला एक चिकटवून इंचभर गुंडाळा, वेढे मोजा, निम्मे करा. माझं बारा पदरी घट्ट पिळाचं सूत, १६-१७ वेढे बसतात, म्हणजे ८.

पण हा फक्त अर्धा हिशोब झाला, खरं ठरवतो बाणा. आटपाडीकडून दख्खनी मेंढीची हातानं कातलेली लोकर मिळाली, घोंगडीची, जाड आणि खरखरीत. ती १० वर लावली तर ताणा पांढरा पांढरा डोकावत राहतो, पंजानं ठोकून ठोकून हात दुखला तरी खाली बसत नाही, वर पट्टी लावून बघाल तर १२ इंचाचा तुकडा साडेबारा झालेला, कारण जाड बाणा धाग्यांना बाजूला रेटतो. तीच लोकर साडेपाचवर इतकी छान बसते. आणि उलटं, स्वेटरच्या ॲक्रिलिकचा एकच पदर साडेपाचवर घेतला तर कडा आत ओढल्या जातात आणि कापड लुळं पडतं. गणपती पेठेत मिळतं ते ॲक्रिलिक दोन पदर करून साडेआठवर बरं चालतं, फक्त ते ठोकल्यावर परत फुगतं, तेव्हा लोकरीपेक्षा जरा जास्त ठोका. बघायची युक्ती एकच, ताण दिलेल्या दोन धाग्यांमधे बाण्याचा जुडगा उभा धरा, धागे न हलवता अंगाला अंग लावून बसला पाहिजे.

तिसरं म्हणजे डिझाईन. एक उभी रेघ काढायला कमीत कमी दोन धागे लागतात, साडेपाचवर ती रेघ जवळजवळ ९ मिलिमीटर जाड होते, साडेआठवर ६. मी आयर्विन पूल विणला, १९२९ चा आपला सांगलीचा, साडेपाचवर कमानी पायऱ्यांसारख्या दिसत होत्या, साडेआठवर गोल वाटल्या. आणि चित्र आडवं करून विणलं, पुलाचे खांब मागावर आडव्या रेघा झाले, म्हणजे दोन रंग उभ्या रेघेवर भेटतात तिथं पडते ती चीर पडत नाही आणि रेघ हवी तेवढी बारीक येते. युरोपातल्या जुन्या टॅपेस्ट्री बऱ्याचशा अशाच आडव्या विणलेल्या आहेत.

बारीक काम छान दिसतं म्हणून लगेच १२ वर जाणाऱ्यांना माझं म्हणणं, थांबा जरा. धागे दुप्पट झाले की बाणा बारीक, म्हणून ओळी पण दुप्पट, म्हणजे ६ वर जे काम होतं त्याच्या चौपट काम १२ वर. पैठणीचा पदर विणणाऱ्यांना महिने का लागतात ते मला आत्ता कळतंय, तिथं पण प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागेपुरताच फिरतो आणि रेशीम केवढं बारीक! भिंतीवर दोन-तीन फुटांवरून बघायच्या गोष्टीला साडेआठ पुष्कळ झाले.

असा माग करून घेणार असाल तर सरळ एम-२४ सांगा, रॉड थोडा महाग पडतो आणि वजनही वाढतं, पण साडेआठ आणि साडेपाच दोन्ही त्यातच भागतं. रॉड बदलता येईल असे नट-बोल्ट लावायला सांगा, वेल्डिंग नको. माझी एम-२० ची जोडी मी छोट्या कामाला, पातळ लोकर हाताशी असेल तेव्हा वापरते, एरवी कपाटावर पडून असते.