सात महिने वाक्यं फिरवून : सी-वन ॲडव्हान्स्डच्या पार्ट फोरसाठी ॲप वापरल्यानंतर

दहावी-बारावीला ‘डू ॲज डायरेक्टेड’ सोडवलेल्या माणसाला वाक्य फिरवणं म्हणजे हातचा मळ वाटतो. ‘टू’ काढा म्हटलं की ‘सो… दॅट… नॉट’ घालायचं, ‘ॲज सून ॲज’ दिसलं की ‘नो सूनर… दॅन’. मीही त्याच तोऱ्यात होते. केंब्रिजच्या सी-वन ॲडव्हान्स्ड या वरच्या पातळीच्या इंग्रजी परीक्षेचा अभ्यास सुरू केला तेव्हा पार्ट फोर अगदी शेवटी उघडला, आणि पहिल्याच सराव पेपरात त्यात १२ पैकी ४ पडले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘रीडिंग अँड यूज ऑफ इंग्लिश’चा पेपर ९० मिनिटांचा, ८ भाग, ५६ प्रश्न. चौथ्या भागात सहा वाक्यं असतात. वर पूर्ण वाक्य, खाली तेच म्हणणं वेगळ्या सुरुवातीने, त्यात गाळलेली जागा आणि सोबत एक ठळक शब्द. तो शब्द जराही न बदलता जागा ३ ते ६ शब्दांत भरायची. ७८ गुणांपैकी १२ इथले.

यासाठी मी एका ॲपचे सहा महिन्यांचे पैसे भरले, पुढे एक महिना वाढवला. नाव मुद्दाम देत नाही. अशी तीन-चार बघितली, सांगाडा सगळ्यांचा सारखाच. आकुर्डी ते शिवाजीनगर लोकलमध्ये रोज दहा वाक्यं, हा माझा नेम.

आधी चांगलं. चुकलेलं वाक्य दोन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा समोर येतं, आणि ही एकच सोय पैसे वसूल करते. ‘हॅड इट नॉट बीन फॉर हर हेल्प’ ही रचना मला व्याकरणाच्या पुस्तकातून कधीच जमली नव्हती. चौथ्यांदा समोर आली तेव्हा तोंडातून आपोआप निघाली.

आता रडगाणं. ॲप उघडलं की खाली शब्दांच्या चिठ्ठ्या दिसतात, त्या उचलून जागेवर ठेवायच्या. दोन महिने मी खूश होते, दहापैकी नऊ बरोबर! मग कागदावर एक पेपर सोडवला आणि ‘इट्स नॉट वर्थ’च्या पुढे बिनधास्त ‘टू आर्ग्यू’ लिहून मोकळी झाले. ॲपमध्ये हे चुकणं शक्यच नव्हतं, कारण चिठ्ठीवर ‘आर्ग्युइंग’ छापलेलंच असायचं. म्हणजे इतके दिवस मी उत्तर ओळखत होते, आठवत नव्हते. टाइप करायचा पर्याय आहे, पण सेटिंगमध्ये इतका खोल दडवलाय की मला तिसऱ्या महिन्यात सापडला. त्यातही फोनचा कीबोर्ड स्पेलिंग परस्पर सुधारून देतो. परीक्षेत या भागात स्पेलिंग चुकलं की गुण गेला, त्यामुळे ती सुधारणा आधी बंद करा.

दुसरं, मोजणी. परीक्षेत ‘डिडन्ट’ हे दोन शब्द धरतात. ॲप एकच धरायचं. माझी कित्येक ‘बरोबर’ उत्तरं प्रत्यक्षात सात शब्दांची होती.

तिसरं जास्त खटकलं. परीक्षेत उत्तराचे दोन तुकडे पाडून प्रत्येकाला एक गुण देतात, ॲपमध्ये मात्र सगळं किंवा काहीच नाही. वर उत्तरही एकच ग्राह्य. उशीर झाला तो पावसामुळे, असं मॅनेजरचं म्हणणं. दिलेला शब्द ‘ब्लेम्ड’. मी लिहिलं ‘ब्लेम्ड द डिले ऑन द रेन’. लाल फुली. त्यांना ‘ब्लेम्ड द रेन फॉर द डिले’ हवं होतं. दोन्ही बरोबर, दोन्ही सहा शब्दांची. तक्रार पाठवली, ‘धन्यवाद, आम्ही पाहतो’ असं छापील उत्तर आलं, वाक्य आजही तसंच आहे.

त्या फुलीचा एक फायदा झाला. मनात आलं, आपण तरी दुसरं काय म्हणतो? उशिराचं खापर पावसावर फोडलं. म्हणजे ‘डिले’ आधी, ‘ऑन’ नंतर ‘रेन’. तेव्हापासून दोनशे पानी वही केली. डाव्या पानावर चुकलेलं वाक्य, उजव्या पानावर मराठीत आपण ते कसं बोललो असतो.

महिन्याभरात माझ्या चुकांची जातकुळी दिसायला लागली. ‘त्याचा राजीनामा माझ्या मनाला शिवलाही नव्हता’, म्हणून मी ‘इट नेव्हर क्रॉस्ड’ला ‘टू माय माइंड’ जोडत होते. तो ‘टू’ आपल्या ‘ला’ मधून आलेला. तिथे नुसतं ‘क्रॉस्ड माय माइंड’ पुरतं. ‘तिच्याशी लग्न’ मधल्या ‘शी’ ने ‘मॅरीड विथ’ लिहायला लावलं. ‘विषयी चर्चा’ मुळे ‘डिस्कस’च्या शेपटीला ‘अबाउट’. व्याकरण येत होतं, विभक्ती आड येत होती. हे कुठलंही ॲप सांगणार नाही, कारण ते बनवणाऱ्यासमोर मराठी माणूस नसतोच.

घ्यावं का? बोर्डाच्या इंग्रजीवरून थेट या परीक्षेकडे वळत असाल तर पहिले तीन महिने घ्या, पहिल्या दिवसापासून टाइप करून. त्यापुढे केंब्रिजचे नमुना पेपर कागदावर सोडवलेले बरे. सराव आधीच चांगला असेल, तर यात पैसे घालू नका.

मागच्या रविवारी १२ पैकी १० आले. ॲप रोज आठवण करून देतं की माझी सलग दिवसांची साखळी तुटणार आहे. तुटू दे, या वेळी मुदत काही वाढवली नाही. वही आता १४० पानांपर्यंत आलीय. फक्त सकाळच्या गर्दीत एका हाताने दांडा धरून ती उघडता येत नाही, एवढीच अडचण.