लेदरचा वास हवाय: आयबीक्यू घ्यावं, सॅफ्रालीन की बर्च टार?

परफ्युममध्ये लेदर नोट आणायची म्हटलं की ही तीन नावं हमखास समोर येतात, आणि कुठलं आधी घ्यायचं इथे गाडी अडते. खरं तर तिघांचा वास एकमेकांशी फारसा जुळतच नाही, त्यामुळे आधी ठरवा की तुम्हाला लेदर कसलं हवंय.

आयसोब्युटिल क्विनोलिन, म्हणजे आयबीक्यू, हे सगळ्यात कडक. बाटली उघडून थेट नाकाशी नेलीत तर लेदर वगैरे काही वाटणार नाही, नुसतं कडू, हिरवट, मातकट असं काहीतरी डोक्यात जातं आणि लोक तिथेच नाक मुरडतात. पण १ टक्क्याचं डायल्युशन (पातळ द्रावण) करून ब्लॉटरवर, म्हणजे वास घ्यायच्या कागदी पट्टीवर घ्या, शेजारी व्हेटिव्हर (वाळा) किंवा ओकमॉसचा (ओकवरच्या लायकेनचा अर्क) ब्लॉटर धरा, मग बघा, एकदम काळं जाड जॅकेट. १९४४ च्या बँडिट या परफ्युममध्ये परफ्युमर जर्मेन सेलिए यांनी हेच वापरलं होतं आणि तो करारीपणा अजून कुणाला सहज जमत नाही. प्रॉब्लेम फक्त डोसचा. १० ग्रॅम कॉन्सन्ट्रेटमध्ये (अल्कोहोल घालण्याआधीच्या सुगंधी मिश्रणात) ०.२ टक्के म्हणजे जेमतेम २० मिलिग्रॅम, साधारण एक थेंब, आणि तो थोडा मोठा पडला की संपलं, म्हणून शुद्ध कधीच टाकू नका, १ टक्क्याचं २ ग्रॅम वजन करून घाला. वर हे टिकतंही भयंकर, ब्लॉटरवर दिवसेंदिवस हटत नाही, म्हणजे आज बरं वाटलेलं मिश्रण पुढच्या आठवड्यात नुसतं क्विनोलिन होऊन बसू शकतं.

सॅफ्रालीन जिवोदान या सुगंधद्रव्य कंपनीचं. उबदार, केशरासारखं, थोडं तंबाखूसारखं आणि लेदर त्याच्या आत मुरलेलं. गुलाब, अंबर, ऊद यांच्यात छान मिसळतं आणि हात थोडा सैल सुटला तरी आयबीक्यूइतकं अंगावर येत नाही. पण रफ लेदर हवं असेल तर एकट्याच्या जोरावर हे कमी पडतं, गोडसरपणाकडेच झुकतं.

बर्च टार, म्हणजे बर्च झाडापासून काढलेलं डांबर, वरच्या दोघांसारखं सिंथेटिक नाही, पण तुलनेत घ्यावंच लागतं कारण जुन्या ‘रशियन लेदर’ची धुरकट बाजू त्याचीच. इथे मात्र नियम बघा: इफ्रा या सुगंध उद्योगाच्या संघटनेनुसार कच्चं टार चालत नाही, रेक्टिफाइड (शुद्ध केलेलं) लागतं, आणि त्यातल्या पीएएच या घातक संयुगांवर मर्यादा आहे, तयार मालात मार्कर (मोजायला ठरवलेले) पीएएच मिळून १ पीपीबीच्या (अब्जात एक भाग) आत. विकायचं असेल तर सप्लायरकडून कागद घेतल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नका. सिंथेटिक दोघांचा फायदा इथेच दिसतो, बॅच बदलली तरी वास बराचसा तोच राहतो.

मऊ सुएड (मखमली लेदर) हवं असेल तर या तिघांपेक्षा आयएफएफ कंपनीचं सुएडरल बघा, तो वेगळाच विषय आहे.

माझं मत विचाराल तर शिप्र (ओकमॉसवर उभा असलेला परफ्युमचा प्रकार) किंवा व्हेटिव्हर करताय तर आयबीक्यू, गुलाब-ऊद करताय तर सॅफ्रालीन. पहिल्यांदाच घेताय आणि एकच बाटली परवडणारे, तर सॅफ्रालीन घ्या, आणि पुढे त्यातच आयबीक्यूचं १ टक्का डायल्युशन अगदी किंचित घालून बघा, गोडी कापली जाते.