ठाण्याहून एका रात्रीसाठी: भंडारदरा, माळशेज, माथेरान की जव्हार?

शनिवारी सकाळी गाडी काढायची, एक रात्र डोंगरात राहायचं आणि रविवारी रात्रीच्या जेवणाला घरी परतायचं. ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ, पनवेल, कुठूनही निघालात तरी हा बेत जमण्यासारखा आहे. अडतं ते राहण्याच्या खर्चावर. म्हणून चार ठिकाणं समोरासमोर ठेवून बघू. पण माझं म्हणणं आधीच सांगते: ठिकाण शेवटी ठरवा. सोबत कोण आहे आणि कुठल्या वारी जाताय, हे आधी ठरलं की निम्मी निवड आपोआप होते.

भाडं विचारताना पहिला फरक लक्षात घ्यायचा तो दर कसा लावतात याचा. रिसॉर्ट आणि लॉजवाले खोलीचं भाडं सांगतात, गावातली घरं आणि तंबूवाले माणशी सांगतात आणि त्यात बहुधा रात्रीचं जेवण, सकाळचा चहा-नाश्ता धरलेला असतो. समजा रिसॉर्टची दोघांची खोली 2,500 रुपये आहे आणि गावात माणशी 900. नवरा-बायको दोघंच असतील तर गावातल्या घरी 1,800 मध्ये सगळं भागतं, रिसॉर्टला जेवणाखाण्यासकट साडेतीन हजारांच्या घरात जातं. पण तेच चार मित्र असतील आणि हायवेवरच्या लॉजवर 1,600 च्या खोलीत 400 ची जादा गादी टाकून झोपणार असतील, तर ढाब्यावरचं जेवण माणशी 250 धरूनही काम 3,000 मध्ये होतं. गावात 3,600 लागले असते. दर वारानुसार बदलतील, पण हिशेबाची ही पद्धत बदलत नाही. माणसं दाटीने राहायला तयार असतील तर खोलीचा दर परवडतो, नाहीतर माणशी दर बरा.

रिसॉर्टच्या बिलावर जीएसटी लागतो. दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर तो 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या दराने कुणी लावत असेल तर विचारा. गावातल्या छोट्या घरांची वर्षाची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे तिथे सांगितलेले पैसे तेवढेच. मात्र पेट्रोल विसरू नका. ठाण्याहून भंडारदऱ्याला जाऊन-येऊन 300 किलोमीटरच्या आसपास होतात. 15 चं ॲव्हरेज देणारी गाडी 20 लिटर खाते. म्हणजे दोन हजारांच्या वर रस्त्यातच गेले, टोल वेगळा. खोलीत 300 रुपये वाचवायला 60 किलोमीटर लांब जाण्यात काही हशील नाही.

भंडारदरा: सगळ्यात जास्त पर्याय इथे

चार ठिकाणांपैकी माझं मत भंडारदऱ्याला. कारण सोपं आहे: धरणाजवळच्या शेंडी गावात आणि तलावाभोवतीच्या वाड्यांत राहण्याचे इतके प्रकार आहेत की खिशाप्रमाणे निवड करता येते. एमटीडीसीचं, म्हणजे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं, रिसॉर्ट तलावाला लागून आहे, शेंडीत साधी हॉटेलं आहेत, मुरशेत, रतनवाडी, साम्रद या गावांत घरगुती सोय होते आणि काठाकाठाने तंबू लागलेले असतात.

रस्ता पूर्वीइतका थकवणारा राहिलेला नाही. नाशिक हायवेचा माजिवडा ते वडपे हा टप्पा मात्र शनिवारी सकाळी परीक्षा बघतो, म्हणून सहाच्या आत घोडबंदर किंवा कळवा सोडलेलं बरं. पुढे समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला, त्यामुळे कसारा घाट टाळता येतो. दुचाकीला समृद्धीवर परवानगी नाही. बाइकवाल्यांनी जुन्या नाशिक हायवेनेच कसारा चढायचा. इगतपुरीला उतरून घोटी, तिथून बारीमार्गे शेंडी. बारी म्हणजे कळसूबाई या 1,646 मीटरच्या, राज्यातल्या सर्वोच्च शिखराच्या पायथ्याचं गाव.

रिसॉर्ट की घर, हा इथला खरा प्रश्न. सोबत आई-वडील असतील, गुडघे दुखत असतील, तर रिसॉर्ट घ्या आणि पैशांचा विचार करू नका. गावातल्या घरांत आता फरशी आहे, पंखा आहे, खाट-गादीही मिळते. पण संडास बऱ्याच ठिकाणी घराच्या मागे असतो आणि रात्री पावसात टॉर्च घेऊन जावं लागतं. फोनवर एकच प्रश्न आधी विचारा: "संडास कमोडचा आहे का, आणि घराला लागून आहे का?" वयस्कर माणसांसाठी बाकी सगळ्या चौकश्या त्यानंतर.

तरुण जोडपं असेल, मुलं जरा मोठी असतील, तर घरच घ्या, हे मी मनापासून सांगते. संध्याकाळी चुलीवर तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, भात-वरण ताटात येतं, आणि वाढणारी मावशी दोनदा विचारल्याशिवाय राहत नाही. सकाळी अंघोळीचं पाणी बंबातून बादलीने मिळतं. फोनवर बोलणं साधारण असं होतं:

"मावशी, शनिवारी चौघं येतोय. जेवणासकट माणशी किती?"

"साधं जेवायचं का कोंबडी?"

या दुसऱ्या प्रश्नावर हिशेब फिरतो. गावठी कोंबडीचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे असतात आणि ती आधी सांगावी लागते. आयत्या वेळी सांगितली तर मिळेलच असं नाही. ज्या घरी जेवण आधी सांगून ठेवता, तिथे ऐन वेळी ढाब्यावर जेवून जाऊ नका. त्यांनी तुमच्यासाठी पीठ मळून ठेवलेलं असतं.

तंबूंबद्दल मात्र माझा हात आखडता आहे. डिसेंबर-जानेवारीत, आकाश मोकळं असताना, शांत जागा मिळाली तर तंबूसारखी मजा नाही. पण शनिवारी रात्री काठावर चार-पाच ठिकाणी स्पीकर चालू असतात, संडास वीस-पंचवीस जणांत दोन, आणि जुलै-ऑगस्टच्या वाऱ्या-पावसात तंबूत झोपणं म्हणजे रात्रभर जागं राहणं. तंबू घ्यायचाच असेल तर गावकऱ्याच्या अंगणात किंवा शेतात लावलेला घ्या. घरातला संडास वापरता येतो आणि पाऊस आला तर पडवीत सरकता येतं. आणि रात्री तलावात कुणीही उतरू नये, पोहता येत असलं तरी.

मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा काजव्यांचा. तेव्हा शनिवारी शेंडीत जागा मिळणं कठीण आणि दर चढलेले. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वनविभाग प्रवेशशुल्क घेतो आणि रात्रीच्या वेळेवर बंधनं घालतो. काजवे बघायचे असतील तर मंगळवार-बुधवार गाठा. झाडाखाली गाडीचे दिवे बंद ठेवून उभं राहिलात की झाडभर एका लयीत उघडझाप दिसते. शनिवारच्या हेडलाइटांच्या रांगेत ती दिसत नाही.

तलावाला वळसा घालणारा रस्ता शेंडी, मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी असा फिरून परत येतो. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर चुकवू नका. 1926 मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणातून, म्हणजे याच तलावाच्या धरणातून, पाणी सोडलेलं असेल तर भिंतीखालचा अंब्रेला फॉलही दिसतो. रतनवाडीच्या बाजूला मोबाइलची रेंज जाते-येते, म्हणजे यूपीआयही तसंच. दोन हजार रोख खिशात ठेवा.

माळशेज: जवळ, पण पावसाळ्यात जपून

ठाण्याहून 110 किलोमीटरच्या आसपास, कल्याण-मुरबाड-टोकावडे असा सरळ रस्ता. नवी मुंबईकरांना शिळफाट्याची कोंडी टाळायला बदलापूरमार्गे मुरबाड गाठता येतं. घाटमाथ्यावर एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे आणि खोलीबाहेर ढग येतात, हे जाहिरातीतलं वाक्य नाही, पावसाळ्यात तिथे खरोखर दहा फुटांपलीकडचं दिसत नाही. पण माथ्यावर त्याला पर्याय फार थोडे. त्यामुळे शनिवारची खोली महिनाभर आधी धरली नाही तर मिळत नाही.

स्वस्तात राहायचं असेल तर घाट चढून खुबी फाट्यावरून खिरेश्वरला आत वळा. पिंपळगाव जोगा धरणाच्या पाण्याला लागून असलेलं हे गाव हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं, ट्रेकर्समुळे इथल्या घरांना माणसं ठेवून घ्यायची सवय आहे. जेवण भंडारदऱ्यासारखंच, गर्दी त्याहून कमी. गडावर जायचं नसलं तरी गावातलं नागेश्वर मंदिर आणि धरणाकाठची सकाळ एवढ्यासाठीही राहावं असं गाव.

अडचण पावसाची. उल्हास नदीला पूर आला की रायता पुलावरची वाहतूक थांबते, घाटात दरडी कोसळतात आणि धबधब्यांजवळ थांबायला जिल्हा प्रशासन जवळपास दर पावसाळ्यात मनाई करतं. परत न मिळणारे आगाऊ पैसे भरून जुलैमध्ये माळशेज ठरवू नये. सप्टेंबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ धरा: डोंगर हिरवे, रस्ता कोरडा, दर उतरलेले. आणि घाटात अंधार पडायच्या आत पोचा. धुक्यात समोरचा ट्रक दिवे लागल्याशिवाय कळत नाही.

माथेरान

नवी मुंबईहून हे सगळ्यात जवळ, पेट्रोल सगळ्यात कमी. पण गाडी दस्तुरी नाक्यालाच लावावी लागते; पुढे मोटारगाड्यांना बंदी आहे. पार्किंग, प्रवासी कर, सामान नेणाऱ्याचे पैसे, आजी-आजोबांसाठी घोडा किंवा ई-रिक्षा, हे सगळं मोजलं की बाजारातली 1,500 ची खोली 1,500 ची राहत नाही. यावर चांगला उतारा म्हणजे दस्तुरीजवळचं एमटीडीसीचं रिसॉर्ट. गाडीपासून बॅग स्वतः उचलून नेता येते. बाजार मात्र तिथून दोन-अडीच किलोमीटर चालत. जंगलातून चालायची आवड असेल तर तेच सुख आहे. नेरळचा घाट तीव्र चढाचा आहे, नवख्या ड्रायव्हरने नेरळलाच गाडी लावून तिथल्या टॅक्सीने वर जावं. वीकेंडला चारांपैकी हे सगळ्यात महाग ठिकाण, आठवड्याच्या मधल्या दिवशी मात्र घासाघीस चालते.

जव्हार: शांतता हवी असेल तर

2014 पर्यंत हे आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये आहे. भिवंडी-वाडा-विक्रमगड मार्गे जायचं, आणि पावसाळ्यात या रस्त्यावरचे खड्डे दोन तासांचे साडेतीन तास करतात, हे गृहीत धरूनच निघायचं. तंबू-रिसॉर्टांची लाट इथे कमी आहे. राहायला गावातली साधी हॉटेलं, थोडी घरगुती सोय. दर शनिवार-रविवारी फार उसळत नाहीत, हा मोठा फायदा. इथल्या राजांच्या मुकणे घराण्याचा जयविलास राजवाडा, सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज थांबले ते शिरपामाळ, दाभोशाचा धबधबा, आणि वारली चित्रं काढणाऱ्या कलाकारांची गावं आसपास. शाळकरी मुलं सोबत असतील तर मी जव्हारला प्राधान्य देईन. दीड दिवसात त्यांना बघायला खूप आहे आणि खर्च हाताबाहेर जात नाही. तलावाकाठची खोली हाच हट्ट असेल तर इथे येऊ नका.

उशिरा निघालात तर

ऑफिस सुटल्यावर शुक्रवारी रात्री निघणाऱ्यांनी डोंगरातली खोली धरूच नये. भंडारदऱ्याला जाणार असाल तर शहापूर, इगतपुरी किंवा घोटीला हायवेवरचं लॉज घ्यावं, झोपावं आणि पहाटे बारी गाठावी. ट्रकचा आवाज येतो, म्हणून मागच्या बाजूची खोली मागा. बऱ्याच रिसॉर्टांत दुपारी खोली मिळते आणि सकाळी दहाला सोडावी लागते. काही जुन्या लॉजवर अजून 24 तासांचा हिशेब आहे, तो विचारून घ्या.

सार्वजनिक बांधकाम आणि वनविभागाची विश्रामगृहं स्वस्त आणि सुंदर जागी असतात, पण सरकारी पाहुण्यांना पहिला हक्क. तुमचं आरक्षण ऐन वेळी जाऊ शकतं, म्हणून मुलाबाळांसोबत त्यावर विसंबू नका.

एमटीडीसीचं बुकिंग महामंडळाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच करा. सर्चमध्ये वर दिसणारा प्रत्येक नंबर त्यांचा नसतो. घरगुती सोयीसाठी पूर्ण पैसे आधी मागणाऱ्याला नाही म्हणा, चौथाई रक्कम पुरे, आणि पाठवण्याआधी व्हिडिओ कॉलवर खोली, संडास आणि गाडी लावायची जागा दाखवायला सांगा. खरं घर असेल तर फोन घेऊन अंगणापासून मोरीपर्यंत फिरवून दाखवतात. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स गाडीत ठेवा; खेड्यात झेरॉक्सचं दुकान शनिवारी संध्याकाळी बंद असतं.