चिनी आठवीच्या मुलांसाठीचं इंग्रजी व्याकरण आणि वाचनाचं सरावपुस्तक, वर्षभर वापरल्यावर

आधी हे पुस्तक माझ्या हातात कसं आलं ते सांगते. आम्ही ग्वांगझूला राहतो, मिस्टर इथल्या चोंगदा कापड मार्केटमधून माल बघून पाठवायचं काम करतात, आणि मी इकडे यायच्या आधी इचलकरंजीला मराठी माध्यमाच्या शाळेत नऊ वर्षं इंग्रजी शिकवत होते. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक मुलगी आहे, आठवीत, म्हणजे इथल्या भाषेत छू-अर, मिडल स्कूलचं दुसरं वर्ष. ती मला आयी म्हणते, चिनीत काकू-मावशीला आयीच म्हणतात, पण पहिल्यांदा तिनं दारातून हाक मारली तेव्हा मला आपली आईच ऐकू आली आणि तेव्हापासून ती पोरगी माझीच झाली. फी वगैरे काही नाही, तिची आई जूनमध्ये लिचीचे घड आणून देते तेवढंच.

तर जुलै २०२१ मध्ये इथल्या सरकारनं शालेय विषयांचे शनिवार-रविवारचे आणि सुट्टीतले खाजगी क्लास बंद केले, क्लासवाल्या कंपन्यांना नफा कमवायला मनाई केली, देशाबाहेर बसलेल्या परदेशी शिक्षकांकडून ऑनलाइन शिकायचं तेही बंद. पण नववीनंतरची झोंगकाओ परीक्षा तशीच आहे ना, आणि तिच्यात मार्क कमी पडले की नेहमीचं हायस्कूल मिळत नाही, व्होकेशनल शाळेत जावं लागतं, त्यामुळे पालकांची धास्ती आहे तिथंच आहे. क्लास नाही म्हटल्यावर तिच्या आईची सगळी भिस्त सरावपुस्तकांवर. तिआन्हेमधलं ग्वांगझूचं मोठं पुस्तक केंद्र आहे ना, १९९४ पासूनचं, तिथे आम्ही तिघी गेलो, सरावपुस्तकांची रांगच्या रांग बघून मला काही सुचेना, शेवटी दोन तास उलटसुलट चाळून हे एक घेतलं. नाव मुद्दाम देत नाही, कारण उणिवा पण लिहिणार आहे आणि या ढंगाची पुस्तकं इथे बऱ्याच प्रकाशनांची मिळतात, निवडताना काय बघायचं ते कळलं म्हणजे झालं. छापील किंमत ३९.८० युआन, आपले पावणेपाचशे-पाचशे रुपये समजा, ऑनलाइन याहून स्वस्त मिळतं.

पुस्तकाचे दोन भाग आहेत, पुढे व्याकरण, मागे वाचन, आणि शेवटी उत्तरांची वेगळी पुस्तिका, ती ओढून काढता येते. तिच्या आईनं पहिल्याच दिवशी ती काढून स्वतःच्या कपाटात ठेवली, आणि बरंच केलं.

व्याकरणाचं आधी सांगते. प्रत्येक धड्याला एक पान नियम आणि मग पर्यायी प्रश्नांचा मारा, एका वाक्यात एक गाळलेली जागा आणि खाली चार पर्याय. नियम पाठ करायला चिनी शाळेत यमकाच्या ओळी असतात, त्या पुस्तकात चौकटीत दिल्यात आणि त्या मला मनापासून आवडल्या. एक ओळ अशी, मी असेल तर ॲम, तू असेल तर आर, आणि इज जोडा त्याला, तिला, त्याला. चिनीत तो, ती, ते तिन्हीचा उच्चार 'था' असाच, लिहिताना फक्त अक्षरं वेगळी, म्हणून ही पोरं बोलताना हमखास आईला 'ही' म्हणतात आणि वडलांना 'शी'. आपल्या पोरांना ही अडचण कळणारच नाही, आपल्याकडे दगडालासुद्धा लिंग आहे. दुसरी ओळ चारच अक्षरांची, जू-ज्यांग-त्सोंग-श्येन, मुख्य वाक्य भविष्यात आणि जोडवाक्य वर्तमानात, म्हणजे 'इफ इट रेन्स टुमारो, वी विल नॉट गो'. हे वाचून मी थांबलेच, कारण आपण म्हणतो उद्या पाऊस 'आला' तर जाणार नाही, आपण चक्क भूतकाळ वापरतो, म्हणून आमच्या शाळेतली पोरं 'इफ रेन केम टुमारो' लिहायची आणि मी नऊ वर्षं नुसतं लाल पेनानं खोडत बसले, चूक कुठून येते हे एकालाही नीट सांगितलं नाही याचं आता वाईट वाटतं.

आणि इथूनच मला या पुस्तकाची खरी गोडी लागली. व्याकरणाच्या प्रत्येक धड्याखाली 'नेहमी होणाऱ्या चुका' म्हणून एक रकाना आहे आणि त्यातल्या निम्म्या चुका आपल्याच पोरांच्या आहेत. 'ऑलदो इट वॉज लेट, बट ही वेंट', चिनीत स्वेइरान आला की मागून दानशी येतोच, आणि मराठीत जरी आला की तरी येतोच, दोघांनाही इंग्रजीत एकच ठेवायचा हे पटत नाही. तसंच 'बिकॉज' आणि 'सो' एकाच वाक्यात. तसंच नकारार्थी प्रश्नाचं उत्तर, 'डोन्ट यू लाइक इट' म्हटलं की ती पोरगी म्हणते 'येस' आणि मान नकारार्थी हलवते, आपण पण 'तुला आवडत नाही का' ला 'हो, नाही आवडत' म्हणतोच की. इंग्रजी तिथे फक्त आवडतं की नाही एवढंच बघतं, समोरच्याच्या बोलण्याला दुजोरा देतोय की नाही ते बघत नाही. एवढं एक वाक्य तिला मोडक्या चिनीत सांगितलं आणि तिच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला ना, त्यासाठीच शिकवायचं असतं.

उलट जिथे आपल्याला सोपं जातं तिथे तिला जड जातं. चिनी क्रियापदाला काळाचं रूपच नसतं, कर्त्याप्रमाणेही ते बदलत नाही, काल जा, आज जा, उद्या जा, क्रियापद तेच राहतं, काय झालं ते आजूबाजूच्या शब्दांवरून कळतं. त्यामुळे तृतीय पुरुषी एकवचनाचा तो 'एस', ज्याला ही पोरं सान-दान म्हणतात, तो दर दुसऱ्या वाक्यात गळतो. 'हॅज बीन टू' आणि 'हॅज गॉन टू' मधला फरक पुस्तकात दीड पान समजावलाय, मराठीत तो एका दमात होतो, बीजिंगला जाऊन आलाय आणि बीजिंगला गेलाय.

पण व्याकरणाच्या भागाला मी पाचपैकी तीनच देईन. कारण पोरगी 'यस्टर्डे' शब्द शोधते, दिसला की भूतकाळावर खूण करते, वाक्य वाचतच नाही. 'सिन्स' दिसला की 'हॅव'. शंभर प्रश्नांत नव्वद बरोबर येतात आणि मग मी विचारलं काल शाळेत काय केलंस तर 'आय गो टू स्कूल', म्हणजे नियम डोक्यात आहे पण जिभेवर नाही. शिवाय इथल्या ग्वांगडाँग प्रांताच्या झोंगकाओत असले सुट्या वाक्यांचे प्रश्न राहिलेलेच नाहीत, एक सलग उतारा देऊन त्यातच व्याकरणाच्या जागा भरायला लावतात, आणि या पुस्तकात तसे उतारे अगदी थोडे. हे दुकानात चाळताना माझ्या लक्षात आलं नाही. तुम्ही घेणार असाल तर हे आधी बघा, तुमच्या प्रांताची प्रश्नपत्रिका कशी आहे ती बघून मगच व्याकरणाचं पुस्तक घ्या, कारण झोंगकाओ ठिकाणागणिक वेगळी असते.

आता वाचनाचा भाग. हा मात्र लई भारी आहे.

यात सगळ्यात आधी येतं वानशिंग थ्येनखोंग, म्हणजे दोन-अडीचशे शब्दांची गोष्ट आणि त्यात दहा शब्द गाळलेले, प्रत्येकाला चार पर्याय. आपल्याला वाटतं गाळलेल्या जागा भरा, त्यात काय, पण हे तसं नाही. चारही पर्याय व्याकरणानं बरोबर असतात, चारही क्रियापदं भूतकाळातच, चारही विशेषणं, म्हणजे व्याकरणाच्या जोरावर उत्तर येतच नाही, गोष्ट कळली तरच येतं. आणि गंमत म्हणजे पाचव्या जागेचा पुरावा कधी कधी शेवटच्या ओळीत असतो. पहिलं वाक्य सहसा पूर्ण ठेवतात, त्यात जागा गाळत नाहीत, म्हणून मी तिला लावलेली सवय अशी की पहिलं वाक्य दोनदा वाच, मग पेन खाली ठेवून अख्खा उतारा वाच, गाळलेल्या जागी नुसतं 'हं' म्हण आणि पुढे जा, आणि मगच भरायला घे. पहिल्या महिन्यात दहापैकी चार-पाच यायचे, दिवाळीच्या सुमारास सात, आता आठ-नऊ येतात, आणि मुख्य म्हणजे चुकलं तर का चुकलं ते ती स्वतः पुराव्याच्या शब्दाखाली रेघ मारून दाखवते.

प्रत्येक उताऱ्याच्या डोक्यावर शब्दसंख्या आणि वेळ छापलेली आहे, २३० शब्द, सात मिनिटं, असं. मला आधी हे आवडलं नव्हतं, पण तिला आवडतं, ती मोबाइलवर टायमर लावते. त्यानंतर आकलनाचे उतारे, चारचा एक संच, पहिला जाहिरात किंवा सूचनेचा, म्हणजे ग्रंथालयाची वेळ, तिकिटाचे दर, दुसरा गोष्टीचा, तिसरा माहितीचा, चौथा विचार मांडणारा, चढत्या क्रमानं अवघड. विषय बघा, थू योयो यांचं मलेरियावरचं औषध आणि २०१५ चं नोबेल, युआन लाँगपिंग यांचा संकरित भात, ड्रॅगन बोट, कागदाची कातरकला, अंतराळ स्थानक. आपल्याच देशातलं इंग्रजीतून वाचताना पोरीला अर्धं आधीच माहीत असतं त्यामुळे ती शब्दाला घाबरत नाही, हे मला फार पटलं. परदेशातल्या कुठल्यातरी पिकनिकचे धडे वाचून आमची शाळेतली पोरं कंटाळायची ते आठवलं.

एक उतारा डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्यावर आहे, कॅनडाचे सर्जन, १९३८ मध्ये चीनला आले आणि पुढच्याच वर्षी इथेच वारले. तो वाचून झाल्यावर मी तिला म्हटलं, थांब, आमच्याकडचा पण एक डॉक्टर आला होता. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, तेही १९३८ लाच भारतातून आलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात होते, बेथ्यून यांच्या नावाच्या हॉस्पिटलचे पहिले संचालक तेच, आणि ९ डिसेंबर १९४२ ला अवघ्या ३२ व्या वर्षी गेले. के दीह्वा हे त्यांचं चिनी नाव मी उच्चारल्याबरोबर आतल्या खोलीतून तिचे आजोबा उठून आले, त्यांना नाव पाठ होतं, आणि त्यांनी माझा हात धरला. त्या दिवशी आम्ही पुस्तक बाजूला ठेवून कोटणीसांवरच आठ वाक्यं इंग्रजीत लिहिली. त्यात तिनं लिहिलं 'ही हॅज डाइड फॉर मोर दॅन एटी इयर्स', आणि ही या पोरांची ठरलेली चूक, 'डाय' ही क्षणात होऊन जाणारी गोष्ट, ती ऐंशी वर्षं चालत नाही, तिथे 'हॅज बीन डेड' लागतं. व्याकरणाच्या भागात यावर वीस प्रश्न तिनं सोडवले होते आणि तरी चुकलं, पण कोटणीसांच्या वाक्यात दुरुस्त केल्यावर परत कधी चुकलं नाही.

वाचनाच्या भागातलं अजून एक चांगलं म्हणजे लांब वाक्य फोडून दाखवलेलं असतं. इंग्रजीत 'द बुक दॅट आय बॉट यस्टर्डे', माहिती नामाच्या मागून येते. चिनीत ती पुढे येते, आणि आपल्या 'मी काल घेतलेलं पुस्तक' ची शब्दाशब्दाला तीच रांग लागते. म्हणून तिची नजर लांब वाक्यात अडखळते, कर्ता कुठला आणि क्रियापद कुठलं ते सापडत नाही. पुस्तकात अशा वाक्याखाली कंस काढून मधला तुकडा वेगळा केलाय, कंस झाकला की उरतं ते मुख्य वाक्य. मी याचे फोटो काढून इचलकरंजीच्या माझ्या जुन्या सहकारी बाईंना पाठवले, त्यांनी दुसऱ्याच दिवशी फळ्यावर करून बघितलं, म्हणाल्या मॅडम, पोरं उठून उठून कंस काढायला येतायत.

उणिवा पण आहेत. उत्तरांच्या पुस्तिकेत स्पष्टीकरण सगळं चिनीत, ते असणारच, पण बऱ्याच ठिकाणी फक्त 'संदर्भावरून' एवढंच लिहून मोकळे झालेत. एका गोष्टीत मुलगा सापडलेलं पाकीट परत करतो आणि 'त्याला ____ वाटतं' अशी गाळलेली जागा, पर्याय आनंदी, अभिमानी, निवांत, नशीबवान. पोरीनं आनंदी लिहिलं, उत्तर अभिमानी, कारण काही नाही. मी तीनदा वाचलं, मला पण आनंदी चालतंय. मग पुढे आईच्या तोंडचं एक वाक्य सापडलं, तिथून अभिमान येतो, पण तेवढं एक वाक्य पुस्तिकेत लिहायला काय हरकत होती? एकट्या बसून सोडवणाऱ्या पोराला हे कोण सांगणार? कागद पण पातळ आहे, पेनची शाई मागे उमटते, पेन्सिलच वापरा.

आणि बोलण्याचं पुस्तकात काहीही नाही. इथल्या इंग्रजीच्या १२० मार्कांत ३० मार्क कॉम्प्युटरवर ऐकण्या-बोलण्याचे आहेत, ऐकून तसंच वाचायचं, माहिती शोधून सांगायची, परत सांगून प्रश्न विचारायचे. म्हणून आम्ही प्रत्येक वानशिंग सोडवून झालं की तो उतारा मोठ्यानं वाचतो, मग पुस्तक मिटून ती मला तीच गोष्ट सांगते, मोडकीतोडकी, आणि मी मध्ये बोलत नाही. 'आय गो' चं 'आय वेंट' व्हायला लागलं ते इथे.

वाचनाच्या भागाला साडेचार, आणि तेवढ्यासाठी पुस्तक घ्यायला हरकत नाही. तुमची मुलं इथल्या लोकल शाळेत असतील तर नक्की घ्या, आणि मराठी माध्यमात शिकवत असाल तर कोणीतरी येणाऱ्या-जाणाऱ्याकडून एक प्रत मागवाच, चिनी येत नसलं तरी अडत नाही, उतारे इंग्रजीतच आहेत. नववीचा भाग शाळा सुरू व्हायच्या आधी ऑगस्टमध्ये घेणार आहे, दोन प्रती, एक तिला आणि एक इचलकरंजीला. व्याकरणाचं मात्र या वेळी वेगळं बघतेय, सलग उताऱ्यावरचं, कोणी वापरलं असेल तर खाली सांगा.