किंमत ठरवणाराच खरेदीदार निघाला : आत्याच्या घरसामानाबाबत झालेली फसवणूक

घरातील माणूस गेल्यानंतर त्याच्या मृत्युपत्राचे प्रोबेट, म्हणजे ते खरे असल्याबद्दल न्यायालयाची मान्यता, घ्यायचे असेल, तर भांडीकुंडी, दागिने, पुस्तके आणि कपडे यांचीही किंमत अर्जासोबत लिहून द्यावी लागते. नेमके हेच काम आम्ही करून देऊ आणि शिवाय घरही रिकामे करून देऊ, असे सांगणारी मंडळी पुण्यात आहेत. त्यांपैकी एकाने आमच्या कुटुंबाला कसे लुबाडले, ते मी येथे तपशीलवार लिहीत आहे. ज्यांच्या वडीलधाऱ्यांचे घर वस्तूंनी खचाखच भरलेले आहे, त्यांनी तरी हे शेवटपर्यंत वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

माझी आत्या गेल्या वर्षी गेली. तिला मूलबाळ नव्हते. नोंदणी केलेल्या मृत्युपत्रात तिने सदाशिव पेठेतील सदनिका एका भाचीला दिली होती, घरातील सर्व चीजवस्तू आम्हा चार भाचरांना सारख्या किमतीच्या वाट्याने द्याव्यात असे लिहिले होते, आणि मृत्युपत्राची व्यवस्थापक, म्हणजे त्याची अंमलबजावणी करणारी, म्हणून माझे नाव घातले होते. पुण्यातील मिळकतीसाठी प्रोबेट सक्तीचे नव्हते, परंतु तिच्या नावावरील जुन्या शेअर्सच्या हस्तांतरासाठी ते मागितले गेले, म्हणून वकिलांच्या सल्ल्याने अर्जाची तयारी सुरू झाली. वाटे सारख्या किमतीचे करायचे असल्यामुळे प्रत्येक वस्तूची खरी किंमत कळणे हा आमच्यासाठी केवळ कागदोपत्री सोपस्कार नव्हता.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा आत्याचे नारायण पेठेतील बिऱ्हाड पाण्याखाली गेले होते. तांब्यापितळेची जड भांडी चिखलातून शोधून काढता आली. बाकी काहीच उरले नाही. त्यानंतर घरात आलेली वस्तू तिने सहसा बाहेर जाऊ दिली नाही. वर्तमानपत्रांचे गठ्ठे माळ्याला टेकले होते, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्यांच्या चळती खुर्च्यांवर होत्या, लग्नपत्रिका, औषधांच्या रिकाम्या बाटल्या, दिवाळी अंक आणि साबणाची खोकी यांच्यामधून स्वयंपाकघरात जायला अंग तिरके करावे लागत असे. अशा साठवणुकीमागे गबाळेपणा नव्हे, तर मानसिक विकार असू शकतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र विकार म्हणून स्थान दिले. हे मी मुद्दाम नमूद करते, कारण त्या माणसाने सर्वांत आधी हात घातला तो आमच्या संकोचाला. "शेजारीपाजारी चर्चा व्हायच्या आत सगळे साफ करून देतो, ताई, अशी घरे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत," हे त्याचे पहिल्या भेटीतले वाक्य होते.

त्याच्या लेटरहेडवर 'सरकारमान्य मूल्यांकनकार' असे छापलेले होते. घरसामानाच्या यादीवर आपल्यासारख्याचा शिक्का नसेल तर न्यायालय अर्जच घेत नाही, असे त्याने ठामपणे सांगितले. किमती जितक्या कमी दाखवू तितका सरकारी कर वाचेल, असेही तो म्हणाला. आणि मूल्यांकनाची फी माफ करून, यादीत लिहिलेल्या किमतीला सगळे सामान आपणच उचलू, रक्कम चौघांत सारखी वाटून टाका म्हणजे भांडणाला जागाच राहणार नाही, असा प्रस्ताव त्याने मांडला. दुःखात असलेल्या आणि नोकरी सांभाळून धावपळ करणाऱ्या माणसांना हे सारे सोयीचे वाटावे, अशाच बेताने ते रचलेले होते.

न्यायालय आणि कर यांबाबतचे त्याचे एकही विधान खरे नव्हते. न्यायालय शुल्काच्या कायद्यात मालमत्तेच्या मूल्यांकनाचा जो नमुना दिलेला आहे, त्यात घरसामान, अंगावरचे कपडे, पुस्तके, चांदीची भांडी आणि दागिने यांची किंमत व्यवस्थापकाने आपल्या प्रामाणिक समजुतीनुसार अंदाजे लिहावी, इतकेच अपेक्षित आहे. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंसाठी जाणकाराचा लेखी अहवाल घेणे शहाणपणाचे आहे, पण त्याच्या शिक्क्यावाचून अर्ज अडतो, हे खोटे आहे. वारसाहक्काने मिळणाऱ्या संपत्तीवरील कर, म्हणजे इस्टेट ड्युटी, आपल्याकडे १९८५ सालीच रद्द झाला. राहता राहिले न्यायालय शुल्क. महाराष्ट्रात प्रोबेटसाठी त्याची कमाल मर्यादा ७५,००० रुपये आहे आणि एकट्या सदनिकेच्या किमतीनेच ती गाठली गेली होती, त्यामुळे समयांची किंमत पाच हजार लिहिली काय किंवा पन्नास हजार लिहिली काय, आम्हाला शुल्क एक रुपयाही अधिक पडणार नव्हते. कमी किमतीचा लाभ होणार होता तो फक्त त्या किमतीला माल उचलणाऱ्याला. त्याची नोंदणी खोटी नव्हती, परंतु ती स्थावर मालमत्तेच्या मूल्यांकनाची होती. प्राप्तिकर खात्याकडील मूल्यांकनकारांची नोंदणी मालमत्तेच्या प्रकारानुसार वेगवेगळी असते, आणि जमिनी-इमारतींचे मूल्यांकन करणाऱ्याला त्या आधारावर दागिन्यांचा किंवा कलावस्तूंचा मूल्यांकनकार म्हणवून घेता येत नाही. नोंदणीपत्राची प्रत हातात घेऊन त्यावरील हा प्रकार वाचायला एक मिनिट पुरते.

प्रत्यक्ष लूट कशी झाली, ते आता सांगते. पहिल्याच दिवशी त्याच्या माणसांनी रद्दी बाहेर काढली, कारण "रद्दी हलल्याशिवाय वस्तू दिसणार कशा" हे कोणालाही पटण्यासारखे होते. भरलेल्या घरात कागद कधीच एकजिनसी नसतात. वर्तमानपत्रांच्या घड्यांत पोस्टाची प्रमाणपत्रे असतात, जुन्या दिनदर्शिकेच्या पानांमागे शेअर सर्टिफिकेट असते, सासरहून आलेल्या पोथ्या रुमालात बांधून गठ्ठ्यांच्या तळाशी ठेवलेल्या असतात. आत्याच्या सासरच्या, वाईहून आलेल्या हस्तलिखित पोथ्या अशाच गेल्या. यादीत त्यांच्यासाठी 'वाळवी लागलेली जुनी पुस्तके, १ लॉट' एवढीच नोंद आहे. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तू, तसेच शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेली पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात आणि त्यांच्या खरेदी-विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो. तो परवाना त्याच्याकडे नव्हता. अशा पोथ्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेतील जाणकारांना दाखवून मगच त्यांचे काय करायचे ते ठरवावे.

'लॉट' या एका शब्दाखाली काय काय दडवता येते, ते मी त्या यादीत पाहिले. 'जुने कपडे, जीर्ण, १ लॉट, ८०० रुपये' या नोंदीत आत्याचा लग्नातला शालू आणि दोन पैठण्या होत्या. जुन्या अस्सल जरीत रेशमी धाग्यावर चांदीची तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. रेशीम विरले तरी जरीची किंमत राहते, म्हणूनच फाटक्या जरीच्या साड्या विकत घेऊन त्यांतील चांदी काढणारे व्यापारी असतात. ज्याला हे ठाऊक आहे, तोच अशा साडीला 'जीर्ण' म्हणून निकालात काढतो.

वजनातील लबाडी उघड झाली ती समईमुळे. आत्याकडे मोराच्या दोन पितळी समया होत्या, दोन्हींच्या बैठकीवर एकाच हाताने घातलेले नाव होते. त्यांपैकी एक तिने स्वतःच पूर्वी धाकट्या भाचीला दिली होती. घरात राहिलेल्या समईसमोर यादीत ३ किलो ४०० ग्रॅम असे लिहिले होते. भाचीला तो आकडा फारच कमी वाटला, म्हणून आपल्याजवळची समई घेऊन ती कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेली. तेथील दुकानदाराने ती काट्यावर ठेवली आणि वजन भरले ५ किलो १०० ग्रॅम. जोडीतील दोन समयांच्या वजनात थोडाफार फरक पडतो, हे त्यानेही मान्य केले, पण १ किलो ७०० ग्रॅमचा फरक पडत नाही, असे तो म्हणाला. तो माणूस वजन करायला स्वतःचा ताणकाटा आणत असे, आकड्याला अडकवून हवेत धरीत असे आणि आकडा स्वतःच मोठ्याने वाचून दाखवीत असे. व्यापारात वापरायच्या काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा पडताळणी शिक्का असावा लागतो. त्या काट्यावर तो होता की नाही, हे आता सिद्ध करता येत नाही, कारण तो काटा पुन्हा कोणाला दिसलाच नाही. बंब, घंगाळी आणि परातीसुद्धा त्याच काट्यावर मोजल्या गेल्या होत्या, आणि त्यांना लावलेला दर साध्या मोडीच्या दरापेक्षाही कमी होता.

पुढचा पुरावा आम्हाला आत्यानेच दिला, असे मला मनापासून वाटते. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा शेजारच्या काकूंकडे राहिला होता. त्यात तिने आयुष्यभराच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या. सराफाकडील चांदीच्या ताट-वाटीची वजनासह पावती, लक्ष्मी रस्त्यावरील दुकानातून घेतलेल्या पैठण्यांची पावती, शेअर्सचे फोलिओ क्रमांक, म्हणजे कंपनीकडील भागधारकाचे खाते क्रमांक, लिहिलेली पोस्टकार्डे, सारे वर्षांप्रमाणे दोऱ्याने बांधलेले. ज्या सवयीला लोक वेड म्हणत होते, त्याच सवयीमुळे कोणती वस्तू घरात होती, हे आज आम्ही कागदावर दाखवू शकतो. फोलिओ क्रमांक मिळाल्यामुळे सर्टिफिकेट हरवलेल्या शेअर्ससाठी दुय्यम प्रमाणपत्राचा अर्ज करता आला. सात वर्षे लाभांश न घेतल्यास शेअर्स सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात, आणि तिचे काही शेअर्स तसे गेले आहेत, हेही त्या क्रमांकांवरूनच कळले.

यादी आणि पावत्या समोर ठेवून विचारल्यावर त्याची भाषा बदलली. रुपये पोहोचल्याच्या पावतीवर सही आहे, असे त्याने सांगितले. मग पिठाच्या डब्यात सापडलेल्या जुन्या पाचशे-हजारांच्या नोटांचा विषय काढून, पोलिसांत गेलात तर हेही सांगावे लागेल, असा दम दिला. अशा धमकीला कोणीही घाबरू नये. २०१७ च्या कायद्याने चलनातून बाद झालेल्या दहापेक्षा अधिक नोटा बाळगणे दंडनीय केले आहे, आणि त्या डब्यात सातच नोटा होत्या. आम्ही वकिलांमार्फत नोटीस दिली आणि पोलिसांकडे लेखी तक्रारही केली. तीत भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीबाबतचे कलम ३१८ नमूद केले. नोटिशीनंतर समई, बंब आणि चांदीचे ताट परत आले. शालू, पैठण्या आणि पोथ्या आलेल्या नाहीत.

उरलेले घर आता आम्ही स्वतः आवरत आहोत. कोणताही कागद उलगडून पाहिल्याशिवाय रद्दीत जात नाही, आणि पुस्तके झटकून पाहिली जातात. प्रत्येक भांड्याचे घातलेल्या नावासह छायाचित्र काढले जाते, वजन निदान दोन भाचरांच्या देखत शिक्क्याच्या काट्यावर होते आणि वहीत दोघांच्या सह्या होतात. 'लॉट' हा शब्द त्या वहीत वापरायचा नाही, असे ठरले आहे. दागिन्यांची किंमत दागिन्यांचीच नोंदणी असलेल्या मूल्यांकनकाराकडून फी देऊन लिहून घेतली, आणि तो यातील काहीही विकत घेणार नाही, हे त्याच्याकडून आधीच लेखी घेतले. दिवाणी न्यायालयात दाखल केलेल्या अर्जातील घरसामानाच्या किमती दुरुस्त करण्यासाठी प्रतिज्ञापत्र दिले असून, गेलेल्या वस्तूंची यादी पावत्यांच्या प्रतींसह त्याला जोडली आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ३१७ प्रमाणे प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची संपूर्ण यादी आणि वर्षभरात हिशेब न्यायालयात सादर करावा लागतो. त्या यादीत शालू, दोन पैठण्या आणि पोथ्या यांची नोंद मी त्यांच्या खऱ्या वर्णनासह करणार आहे.