ट्रॅक कारवर एअर जॅक: एका हंगामाच्या वापरानंतर

माझ्या ट्रॅक कारला, म्हणजे रेस ट्रॅकवर पळवायच्या गाडीला, तीन एअर जॅक (हवेच्या दाबाने गाडी उचलणारे जॅक) बसवून आता एक हंगाम होत आला. पुढे एक, मागे दोन. नवी गाडी बांधायला घेतली तर तिलाही बसवीन, इतके ते आवडले आहेत. तरी कोणी चौकशी केली की मी आधी उचललेली गाडी खाली येऊ न देणाऱ्या लॉक आणि स्टँडबद्दल बोलतो, जॅकबद्दल नंतर. कारण या वस्तूचा सगळा धोका एकाच गोष्टीत आहे: गाडी इतक्या सहज आणि इतक्या झटकन वर जाते की ती नुसत्या हवेवर उभी आहे हे माणूस विसरतो.

रचना साधी आहे. गाडीच्या सांगाड्याला उभे सिलिंडर पक्के केलेले असतात. बाहेरून नळीचा लान्स, म्हणजे नळीच्या टोकाची हातात धरायची दांडी, गाडीवरच्या व्हॉल्व्हमध्ये खुपसला की दाबाखालची हवा आत शिरते, दट्टे खाली सरकतात आणि चारही चाकं एकदम उचलली जातात. जीटी३ गटातल्या रेस गाड्या, पोर्श ९११ जीटी३ कप, अमेरिकेतल्या इंडीकार मालिकेच्या गाड्या या सगळ्यांत हे जॅक असतात. फॉर्म्युला वनमध्ये मात्र नसतात; तिथे पुढून आणि मागून माणसंच जॅक लावतात.

बसवायच्या आधी हिशेब करून घ्या, कारण वर्कशॉपमधल्या नेहमीच्या कॉम्प्रेसरवर हे काम होत नाही. ५० मिमी व्यासाच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ साधारण १९.६ चौरस सेंमी होतं. अशा कॉम्प्रेसरच्या १० बार (बार हे दाबाचं एकक) दाबाला असा एक जॅक जेमतेम २०० किलो उचलतो, म्हणजे तिघे मिळून ६००. त्यात गाडी हलणारसुद्धा नाही. ३० बारला तोच जॅक ६०० किलोपर्यंत जातो. शिवाय वजन तिन्हींवर सारखं पडत नाही. इंजिन पुढे असेल तर पुढचा एकटा जॅक सगळ्यात जास्त राबतो, आणि लागणारा दाब त्याच्यावर ठरतो. वरची मर्यादा जॅक बनवणाऱ्याने दिलेली असते. ती ओलांडायची नाही आणि लाइनमध्ये जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह हवाच.

त्यामुळे मी नायट्रोजनची बाटली आणि जास्त दाबाचा रेग्युलेटर वापरतो. नायट्रोजन कोरडा असतो, आत पाणी साचून गंज धरत नाही. १० लिटरची बाटली २०० बारला भरलेली असेल, तर एका उचलीला लागणारा वायू आणि नळीत वाया जाणारा धरून तीसेक वेळा तरी गाडी वर जाते. एका ट्रॅक डेला, म्हणजे ट्रॅकवर गाडी पळवायच्या एका दिवसाला, ते पुरून उरतं. बाटली पट्ट्याने उभी बांधलेली असावी. मुख्य झडप उघडण्याआधी रेग्युलेटरची चावी पूर्ण सैल करायची आणि स्वतः बाजूला उभं राहायचं. बंद व्हॅनमध्ये गळकी बाटली ठेवू नका: नायट्रोजनला वास नाही, तो खोलीतला ऑक्सिजन मागे सारतो आणि माणसाला काही कळायच्या आत शुद्ध हरपते. आणि हाताशी आहे म्हणून ऑक्सिजनची बाटली तर कधीच जोडू नका. जास्त दाबाचा ऑक्सिजन आणि तेल-ग्रीसचा अंश एकत्र आले की आग लागते, स्फोटही होतो.

आता वागणुकीबद्दल. हायड्रॉलिक जॅकची सवय असलेल्याला पहिल्यांदा चमकायला होतं. तेल दबत नाही, हवा दबते. म्हणून गाडी एकसारखी वर येत नाही. हलकी बाजू आधी उठते, जड बाजू मागून धक्क्याने येते. वर गेल्यावरही बोनेटवर हात टेकला तर किंचित डुलते. सील किंवा जोड फाटला तर हायड्रॉलिक जॅक बऱ्याचदा हळूहळू बसतो; एअर जॅकमधला कोंडलेला दाब एकदम सुटू शकतो आणि सावरायला वेळ मिळत नाही. माझ्या व्हॉल्व्हची आणखी एक गोष्ट आहे: लान्स बाहेर ओढला की हवा सुटते आणि गाडी खाली येते. काही व्हॉल्व्ह हवा आत अडवून धरतात, सोडायला वेगळी कळ असते. आपला कोणता आहे हे गाडीजवळ येणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. माझ्या प्रकारात नळीत कोणाचा पाय अडकला तरी गाडी कोसळेल.

म्हणून लॉक. बाहेर आलेल्या दट्ट्यावर बाजूने चढवायची ही एका अंगाने उघडी, जाड अॅल्युमिनियमची नळी. गाडी वर गेली की तिन्ही लॉक चढवायचे आणि मग हवा सोडून गाडी त्यांच्यावर बसवायची. ही दुसरी पायरी फार जण गाळतात. लॉक नुसते अडकवून दाब तसाच ठेवला, तर ते नीट बसलेत की नाही ते कळतच नाही. भार त्यांच्यावर आला की कळतं. उतरवताना उलटं: पुन्हा हवा भरा, गाडी सुटी झाली की लॉक काढा, मग खाली घ्या. लॉक लावताना-काढताना फक्त हात आत जातो. डोकं आणि खांदा बाहेरच.

चाकं, ब्रेकचे पॅड आणि डिस्क एवढ्या कामाला मी लॉकवर भरवसा ठेवतो. गाडीखाली झोपायचं काम असेल तर सांगाड्याखाली वेगळे स्टँड लागतातच, मग दोन मिनिटांचं काम का असेना. लॉक दट्ट्याला खाली बसू देत नाही, पण गाडी आडवी ढकलली गेली तर तीन निमुळत्या पायांचा आधार अपुरा पडतो. लांब दांड्याने घट्ट नट ओढताना नेमकं हेच होतं, म्हणून नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करून घेतो.

पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगत गाडीचं काम करायच्या जागी, आमची शिस्त अशी आहे. लान्स एकाच माणसाच्या हातात, आणि गाडी वर असेपर्यंत त्याला दुसरं काम नाही. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. तो मोठ्याने "वर" म्हणतो, सगळे हात वर करून दाखवतात, मग हवा. "खाली" म्हणण्याआधी तो गाडीभोवती एक फेरी मारतो. सुरुवातीला हे जरा अति वाटतं. घाईच्या वेळी, कानात दुसऱ्या गाड्यांचा आवाज असताना, हीच फेरी सगळ्यात मोलाची ठरते.

जमिनीकडेही बघावं लागतं. पाणी वाहून जावं म्हणून पिटला उतार दिलेला असतो, आणि दट्ट्याचा पाय लहान असल्याने तापलेल्या डांबरात तो रुततो. पॅडॉकमध्ये (पिटमागच्या, गाड्या उभ्या करायच्या आवारात) मी प्रत्येक पायाखाली जाड पत्रा ठेवतो. खडी किंवा गवतावर एअर जॅक वापरतच नाही.

देखभाल फारशी नाही, पण ती टाळून चालत नाही. खाली घेण्याआधी दट्टे कोरड्या फडक्याने पुसतो, नाहीतर ब्रेकची धूळ आणि वाळू आत ओढली जाऊन सील खरवडतात. ब्रेक क्लीनरचा फवारा सीलवर जाऊ देत नाही. मधूनमधून गाडी वर करून, अगदी जवळ स्टँड लावून, थोडा वेळ तशीच ठेवतो आणि उंची मोजतो. हंगामाच्या मध्यावर डावीकडचा मागचा कोपरा हळूहळू बसतोय हे अशाच तपासणीत सापडलं; साबणाच्या पाण्याने जोड पाहिले, ते ठीक होते, सील बदलल्यावर गळती थांबली. ट्रॅकवर जाण्याआधी तिन्ही दट्टे पूर्ण आत गेलेत हे वाकून बघायचं. धुळीने एखादा अर्ध्यात अडकला तर तो कर्बवर (वळणावरच्या उंच कडेवर) आपटून वाकेल.

ज्यांना दिवसातून एकदा चाकं बदलायची असतात त्यांनी हा खटाटोप करू नये. चांगला फ्लोअर जॅक आणि चार स्टँड पुरतात. रोल केजला (गाडीच्या आतल्या संरक्षक पाइपच्या पिंजऱ्याला) किंवा सांगाड्याला भक्कम ब्रॅकेट देता येत नसतील तर विषयच संपला, नुसत्या पत्र्याच्या फ्लोअरला हे जॅक बसवायचे नाहीत. ट्रॅकवरच्या दोन सेशनच्या मधल्या अवधीत टायर आणि पॅड दोन्ही बदलणाऱ्यांना मात्र फरक पहिल्याच दिवशी जाणवेल. माझ्या गाडीत एवढ्यात एकच काम शिल्लक आहे: एक्झॉस्टजवळून जाणारी नळी उष्णतेने कडक झाली आहे. ती बदलून नवी नळी दुसऱ्या बाजूने, उष्णतेपासून लांब न्यायची आहे, आणि तोवर गाडी जुन्या फ्लोअर जॅकनेच वर जाते.